माय, तुझं अख्खं वाक्य

प्रिय माय,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, नानांना उशीला टेकवून बसवलं आणि मी जरा भिंतीला पाठ लावली, तोच तेजल मोबाइल पाठीमागे लपवताना दिसली. "काय गं?" विचारलं तर म्हणाली, "कंई नथी, मम्मी." काही नाही म्हणे! मी हात पुढे केला. तिनं मुकाट्यानं मोबाइल दिला.

चॅनलनं तुझा तो तुकडा परत लावला होता. यंदा खाडीचं पाणी चढायला लागलं ना, मग त्यांनी 'बाढ़ की मज़ेदार यादें' म्हणून जुने व्हिडिओ एकापुढे एक जोडलेत. पुराच्या मजेदार आठवणी! कुणाला मजा आली होती, माय? तुला आली होती? नानांना आली होती?

सगळ्यात पहिली तूच. साडी खोचलेली, केस कपाळाला चिकटलेले, हात पुढे केलेला आणि तोंडात ते दोन शब्द. मागे ढोलकी वाजवलेली. खाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग.

म्हणून सकाळी उठल्याबरोबर लिहायला बसले. गावाकडून आलेलं पत्र मी तुला वाचून दाखवायचे, तसं हेही मोठ्यानं वाचीन. नाना ऐकतील, तूही ऐक. झालं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही. ज्यानं त्यानं मधलंच उचललं. मी पहिल्यापासून सांगते.

तू पारोळ्याकडून लग्न होऊन सुरतेला आलीस. नाना उधन्याला लूमवर होते. त्यांची पाळी सुटायची तेव्हा तू दारात साड्यांचा ढीग घेऊन धागे कापत बसलेली असायचीस. मार्केटमधून पोटलं यायचं, साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कात्रीनं उडवायचे, घडी घालायची, पोटलं परत जायचं. तेवढं करता करता तू अख्ख्या गल्लीशी बोलायचीस. तेही अहिराणीतून! भाजीवाला गुजराती, दूधवाला भैया, शेजारच्या हंसाबेन पक्क्या सुरती. तुला काही फरक पडायचा नाही. "त्याले समजस ना, मंग?" म्हणायचीस. आणि खरंच समजायचं त्यांना.

हळद कुणाकडेही असो, लिंबायतला, उधन्याला, पर्वत पाटियाच्या आपल्या गल्लीत, गाणी म्हणायला बोलावणं तुलाच. तू तोंड उघडलंस की बायका आपसूक मागे ओढल्या जायच्या. केवढा मोठा आवाज होता तुझा! लूमच्या खडखडाटात नानांना हाक मारून मारून झालेला आवाज. मला लहानपणी त्या आवाजाचं कौतुक वाटायचं. आपली माय बोलली की लोक ऐकतात!

मग नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तू त्यांना उचलायचीस, बसवायचीस, भरवायचीस. मी बारडोलीला, साखर कारखान्याच्या चाळीत. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, दोन दिवस राहायचे, जायचे. बाकी सगळं तुझ्या एकटीच्या हातांवर.

पुराच्या दिवशीही मी बारडोलीलाच होते. सकाळपासून तुझा फोन लागत नव्हता. तुमचे जावई गाडी काढून निघाले आणि अर्ध्यातून परत आले, रस्ता बंद. मी देवापुढे बसू की दाराशी उभी राहू, मला कळेना. तेवढ्यात तेजल ओरडली, "मम्मी, जो ने! नानी टीवीमां!"

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मी देवाचे आभार मानले. चॅनलचेही मानले. तू दिसलीस, उभी होतीस, बोलत होतीस. माझी माय जिवंत आहे! मी रडत होते आणि हसतही होते. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा खालची ओळ वाचली. 'डूबते घर में भी दादी की दादागिरी, रिपोर्टर से बोलीं: पाय धर!' पाय धर म्हणजे पैर पकड़ो, हेही कंसात समजावून सांगितलेलं. मला काही अर्थच लागेना. माझी माय कुणाला पाया पडायला सांगेल? आणि गुडघाभर पाण्यात?

काय घडलं होतं ते मला चार दिवसांनी हंसाबेननी सांगितलं, आणि नानांनी त्यांच्या तुटक तुटक बोलण्यात. खाडीचं पाणी गटारातून उलटं चढलं आणि बघता बघता घरात आलं. नाना खाटेवर. पाणी खाटेला लागलं. खाट उचलून खाली विटा सरकवायच्या, एवढाच उपाय होता. एका पायाला तू, दुसऱ्याला हंसाबेन, तिसऱ्याला त्यांची सून. चौथ्या पायाला माणूस नव्हता. गल्लीतले पुरुष कुणी कामावर अडकलेले, कुणी पोरांना घेऊन वर गच्चीवर गेलेले.

आणि नेमका त्याच वेळी तो दारात उभा राहिला. अंगात रेनकोट, हातात माईक, मागे कॅमेरावाला. जवान पोरगा, धट्टाकट्टा. त्यानं तुला विचारलं, "माताजी, कैसा लग रहा है?"

कैसा लग रहा है! माय, हा प्रश्न कुणी शोधला असेल गं? कुणाचं घर जळो, कुणाचं पोर बुडो, यांचा एकच प्रश्न. उत्तर काय हवं असतं यांना?

तू म्हणालीस, "कसं लागस काय इचारस, भाऊ? मना मानूस खाटवर शे, पानी खाटले लागनं. तो माईक ठेव नि खाटना पाय धर!"

हे तुझं अख्खं वाक्य. माईक ठेव आणि खाटेचा पाय धर. यात काय चुकीचं आहे? यापेक्षा सरळ, यापेक्षा माणुसकीचं, त्या दिवशी सुरतेत दुसरं कोण काय बोललं असेल?

त्यानं माईक ठेवला नाही. कॅमेरावाल्याला म्हणाला, "चल, मिल गया." आणि पुढच्या दाराला गेले दोघं. तुम्ही तिघींनी तशीच खाट उचलली. ती कलंडली, नाना घसरले, डाव्या हातानं त्यांनी खिडकीचा गज धरला म्हणून वाचले. तो खांदा अजून वर जात नाही त्यांचा. उरलेला एकच हात होता तो, माय!

चॅनलनं काय ठेवलं? नवरा कापला, पाणी कापलं, खाट कापली. उरलं काय, तर "पाय धर!" आणि तुझा पुढे आलेला हात.

दोन दिवसांत ते अख्ख्या शहरात झालं. मी तुला पाहायला आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच दोन पोरं एकमेकांना म्हणत होती, "ए, पाय धर!" रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर हसला, "अच्छा, पाय धर दादीवाली गली?" आपल्या गल्लीला नाव होतं, माय. साऱ्या गल्लीचंच नाव बदललं!

तुला सुरुवातीला कळलंच नाही. पोरं येऊन तुझ्यासमोर दाणकन पायावर पडायची आणि मागे मोबाइल धरलेला दुसरा पोरगा. तू भाबडी, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचीस! तेही चढवलं त्यांनी. मग तेजलनं तुला एकदा दाखवलं. तू लहान पोरासारखी मोबाइलवर वाकून पाहिलंस, परत लावायला सांगितलंस आणि मला विचारलंस, "मी काय वाईट बोलनू व बाय?"

मी काय उत्तर देणार होते? काही वाईट बोलली नाहीस म्हटलं. "मंग हसतंस का?" म्हणालीस. लोक का हसतात? माय, मला त्याचं उत्तर तेव्हा आलं नाही. आता थोडं थोडं येतं.

आपण सगळेच टीव्ही बघत मोठे झालो. त्यात आपल्यासारखं कोण बोलतं? धुणी धुणारी बाई, गडी, नाही तर वेंधळा हवालदार. आपली बोली आली की मागे टुईं असा आवाज येतोच, म्हणजे लोकांना कळतं की आता हसायचं. वर्षानुवर्षं असं शिकवलं की मग शिकवायची गरज राहत नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून एखादी म्हातारी जिवाच्या आकांतानं ओरडली, तरी लोकांना आधी बोली ऐकू येते आणि हसू फुटतं. पाणी दिसतच नाही! नाही तर त्या तुकड्यात पाणी होतंच की गं. तुझ्या गुडघ्यापर्यंत स्वच्छ दिसत होतं. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई एवढी ओरडते कशाला?

आणि नुसतं हसून भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. त्या एका तुकड्यावरून लोकांनी आपली सगळ्यांची किंमत ठरवली. 'बाहर से आते हैं, मदद भी चाहिए और अकड़ भी.' हे वाक्य मी बारडोलीच्या बसमध्ये ऐकलंय. बोलणारी बाई शिकलेली होती, हातात तुझाच व्हिडिओ चालू होता. तिला मी सांगायला गेले, तर म्हणाली, "अरे, टीव्हीमां आव्युं छे." टीव्हीवर आलं म्हणजे संपलं! जन्मभर माझ्या डोळ्यांनी पाहिलेली माझी माय खोटी, आणि टीव्हीवरची खरी.

मदत वाटायला मंडळी आली तेव्हा तू रांगेत उभी होतीस. हंसाबेन सांगतात, वाटणाऱ्यानं तुझ्यासमोर डाळ-तांदळाची पिशवी धरली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "दादी, पहले बोलो, पाय धर!" रांगेतल्या बायकाही हसल्या. तुझ्या मागच्या बायकांनी मात्र त्या दिवशी एक गोष्ट शिकून घेतली. मोबाइल समोर आला की हात जोडायचे, हिंदीत बोलायचं, "बहुत अच्छा है साहब, सब मिला" म्हणायचं, हसायचं. यंदाही पाहिलं मी. सगळ्या अगदी तसेच हात जोडतात. कुणी शाळा घेतली नाही, कुणी नियम लावला नाही. पूरग्रस्त बाईनं कसं वागावं, हे तुझं हसं करून सगळ्यांना शिकवलं गेलं.

चौकातल्या चपलांच्या दुकानानं फलक लावला होता, त्यावर तुझं चित्र. कुणाच्या परवानगीनं? मी फाडायला निघाले होते, तू माझा हात धरलास. का धरलास, माय? आजही मला त्याचा राग आहे. तुझा आवाज केवढा, आणि तू म्हणालीस, "जाऊ दे, आखो व्हिडिओ काढतीन." परत व्हिडिओ काढतील म्हणे!

त्यानंतर शेजारच्या गल्लीतली हळद. तू जायला तयार नव्हतीस, नवरीच्या आजीनं हाताला धरून नेलं. मी होते तिथे. तू मांडवात शिरलीस आणि डीजेवाल्यानं गाणं थांबवलं. मला वाटलं, मानानं थांबवलं. आणि मग त्या दोन पोत्याएवढ्या भोंग्यांतून तुझाच आवाज आला. पाय धर, पाय धर, पाय-पाय-पाय धर! खाली धडधड धडधड. पोरं नाचायला लागली. एक पडायचा, दुसरा त्याचे पाय धरायचा. आपलीच पोरं, माय! खानदेशातली. घरात हीच बोली बोलणाऱ्यांची!

तू मांडवाच्या बांबूला धरून उभी राहिलीस. मी तुझ्याकडे पाहिलं, तू जमिनीकडे पाहत होतीस. मग वळलीस आणि घरी चालायला लागलीस. रस्त्यात एक ओळखीचा पोरगा आडवा आला, काही बोलला नाही, सहज हसला बिचारा. तर तूच त्याला म्हणालीस, "चुकनं भाऊ, मनं चुकनं."

काय चुकलं होतं तुझं? नवऱ्याला बुडू दिलं नाहीस, हे? मी रस्त्यात तुझ्यावर ओरडले, आठवतं? "माफी कसली मागतेस?" म्हणून. तू काहीच बोलली नाहीस.

आणि मग बोललीच नाहीस. घरात नानांशी हळू आवाजात, तेवढंच. बाहेर हिंदी. तीही तीन शब्दांची. हां. नहीं. ठीक है. भाजीवाला विचारायचा, "बा, केम बोलता नथी?" तू बोटानं भेंडी दाखवायचीस. हळदीची बोलावणी तू परत पाठवायला लागलीस, मग ती येणं बंद झालं. पोटलं घेऊन बसायचीस ते आत, दार लोटून. माणूस मारायला काही हत्यार लागतं असं नाही, माय. तुझा आवाज तुझ्याकडून काढून घेतला आणि शहरभर वाटला. तुझ्यापाशी एवढासाही ठेवला नाही.

दवाखान्यातलं लिहू की नको? लिहितेच. छातीत दुखतं हे तू दोन दिवस सांगितलंच नाहीस. दाखल केलं तेव्हा नाकाला नळी, डोळे अर्धे मिटलेले. एक पोरगी, तिथेच कामाला, तुझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "अरे, आ तो पेली पाय धर वाळी बा!" आणि दुसरीला बोलावून आणलं. मोबाइल काढला. मी तिचा हात खाली केला तर म्हणते, "बेन, एक ज फोटो. अमे तो फॅन छीए." फॅन! वाईट पोरगी नव्हती ती. रात्रपाळीच्या बाईला तिनंच सांगून ठेवलं होतं तुझ्याकडे नीट लक्ष द्यायला. तरीसुद्धा तिला त्या खाटेवर एक आजारी बाई दिसत नव्हती. एवढा कसा डोळ्यांवर पडदा पडतो गं माणसाच्या?

तू गेलीस. आणि गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चॅनलवर: 'सबको हँसाने वाली पाय धर दादी नहीं रहीं.' तुला हार घातलेला, बाजूला पणती, आणि मधोमध परत तोच तुकडा. श्रद्धांजली म्हणे!

त्या दिवशी मी सुतकात उठले आणि चॅनलच्या ऑफिसात गेले. हंसाबेन सोबत आल्या. रिंग रोडवरची मोठी इमारत, आत थंडगार. तिथला साहेब खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

"बहनजी, हमने गलत क्या दिखाया? माताजी ने बोला, हमने दिखाया."

"पहले का 'खाट' कहाँ गया?" मी विचारलं. "और मेरे पिताजी? वो कहाँ गए?"

"इतना लंबा कौन देखता है? पब्लिक को जो अच्छा लगा, वो चला."

हंसाबेनचा पारा चढला. टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "ए भाई! खाटलानो पायो पकडवानुं के'ती'ती ए! हुं त्यां ऊभी हती!" खाटेचा पाय धरायला सांगत होती ती, मी तिथे उभी होते! त्यानं बाईंकडे असं पाहिलं, जणू गाय हंबरली.

मी म्हटलं, "मग पूर्ण व्हिडिओ द्या. आम्ही दाखवू." तर म्हणाला, "फुटेज हमारा है."

तुझा चेहरा, तुझा आवाज, आपलं बुडालेलं घर. आणि मालक कोण, तर तो!

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा मागून कुणी धावत आलं. तोच पोरगा, रेनकोटवाला. मी ओळखला. मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी पारोळानाच शे."

माझे पाय जिन्यातच थांबले. "म्हणजे तुला कळलं होतं? ती काय म्हणाली ते?"

"मले समजेल व्हतं," म्हणाला. "अख्खं. कापलं वरच्यांनी. मी तर फक्त..."

"पण तू खाट का धरली नाहीस?" मी ओरडले. "कापलं त्यांनी. खाट कुणी सोडली?"

सुतक फिटेल तेव्हा, तुझ्या गंधमुक्तीला ये आणि चार लोकांत खरं काय ते सांग, म्हटलं. "नोकरी जाईल, ताई," म्हणाला. मी तशीच जिना उतरून आले. माय, इतके दिवस मी समजत होते की परक्यांना आपली बोली कळली नाही म्हणून घोटाळा झाला. घोटाळा कसला? ज्याला शब्दन्‌शब्द कळत होता, तोच माईक धरून उभा होता!

तो गंधमुक्तीला आला नाही. वर्षभरात मी त्याचं नावही काढलं नाही. आणि काल, पानं वाढायच्या वेळेला, दारात उभा. अंगावर साधा शर्ट, हातात नारळ. पूर्वीसारखा पुढे पुढे नाही, उंबऱ्याबाहेरच थबकलेला. मी त्याला पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. "कशाला आलास? आता काय चित्रण करायचंय?" मी सगळ्यांसमोर म्हटलं. लोक बघायला लागले.

आणि नाना खाटेवरून, त्या जड जिभेनं, एक एक शब्द ओढत म्हणाले, "ये भाऊ. त्या दिन तू बी वला व्हयेल व्हता. बठ."

त्या दिवशी तूही भिजला होतास, बस! माय, नानांच्या जागी मी असते तर बस म्हटलं नसतं. आजही म्हणणार नाही. पण घर नानांचं आहे, आणि ज्यांचा खांदा गेला त्यांनी त्याला बस म्हटलं.

तो नानांच्या पायाशी जमिनीवर बसला. डोळ्यांतून धार लागलेली. मला त्या धारेचंही फार काही वाटलं नाही, खरं सांगते. मी त्याला म्हटलं, "रडू नकोस. उभा राहा आणि सांग. आपल्या बोलीत सांग."

तो उभा राहिला. हळदीला नाचलेली पोरं तिथेच ओट्यावर बसली होती. नवरीची आजी होती. हंसाबेन होत्या. गल्ली सगळी होती. त्यानं सुरुवातीपासून सांगितलं. पाणी कुठवर होतं, तीन बाया कशा वाकल्या होत्या, आणि त्यानं काय विचारलं. मग तुझं उत्तर, शब्दाला शब्द. "नि मी माईक ठेवना नही," असं म्हणून तो थांबला.

कुणी हसलं नाही, माय. ओट्यावरचा तो उंच पोरगा, जो सगळ्यात जास्त नाचला होता, त्यानं खिशातून मोबाइल काढून त्याच्यावर धरला होता. मी जाऊन त्याचा हात खाली केला. "नको," म्हटलं. "हे तरी नको. कान आहेत ना? ऐक आणि घरी जाऊन आपल्या मायला सांग."

त्यानं मोबाइल खिशात घातला. तेव्हाही खाली केला असता ना गं, कुणी सांगितलं असतं तर?

आणि संध्याकाळी चॅनलनं परत तेच लावलं. आमच्या अंगणातल्या तेवढ्या माणसांना खरं कळलं, बाकी अख्ख्या शहराला तोच तुकडा. मला माहीत आहे, हे असंच चालणार. त्यांच्याकडे मोठे भोंगे आहेत. माझ्याकडे तोंड आहे.

म्हणून तुला शब्द देते, माय. बसमध्ये, बाजारात, लग्नात, जिथे ते दोन शब्द कानावर पडतील, तिथे मी थांबेन आणि पुढचं-मागचं सगळं सांगेन. तुझ्याच बोलीत, मोठ्यानं, पाण्यापासून सुरुवात करून. उर्मट म्हणतील, म्हणू देत. हसतील, हसू देत. हसून झालं की मी परत पहिल्यापासून सांगेन. आणि तेजलला तुझी बोली शिकवीन. आज सकाळी तिनं पहिल्यांदा नानांना विचारलं, "नाना, तुमले पानी देऊ का?" नानांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग हो म्हणाले.

माफी मागू नकोस आता कुणाची.

तुझीच,
रत्ना